बाहेरचा ईसीयू बसवला, पण आयडल काही बसेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बोरेटर काढून इंजेक्टर आणि स्पीड्युइनो, मेगास्क्वर्ट किंवा तत्सम ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवून आयडल, म्हणजे स्लो, जमत नसलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी ही उत्तरं आहेत. आकडेमोडीसाठी जुन्या जिप्सीचं १२९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन धरलंय. मॅप (मॅनिफोल्डमधलं प्रेशर) सेन्सरवर चालणारं सेटिंग गृहीत आहे. ज्यांना ते लागू होत नाही त्यांनी प्रश्न १५ आधी वाचावा.

१. आयडल किती आरपीएमवर ठेवायचा?

मूळ कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) असेल तर ८५० ते ९००. कॅम बदललेला असेल किंवा फ्लायव्हील हलकं केलं असेल तर ९५० ते ११००. काहींना बुलेटसारखं ढक-ढक ऐकायला आवडतं म्हणून ६५० वर आणतात. तिथे ऑइल प्रेशर पडतं, अल्टरनेटर पुरेसा चार्ज देत नाही, आणि व्होल्टेज पडलं की इंजेक्टरचं गणितच बदलतं (प्रश्न ६).

२. कार्बोरेटरला दोन स्क्रू पिळले की स्लो बसायचा. इथे एवढा घोळ कशाला?

कार्बोरेटरमध्ये हवाच पेट्रोल ओढून घ्यायची. हवा वाढली की पेट्रोल आपोआप वाढायचं. इथे ईसीयूला हवा दिसत नाही. त्याला मॅनिफोल्डमधलं प्रेशर, आरपीएम आणि तापमान दिसतं. त्यावरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि टेबलात तुम्ही लिहिलेल्या आकड्यानुसार इंजेक्टर उघडतो. अंदाज चुकला तर पेट्रोल चुकतं, आरपीएम हलतात, आरपीएम हलले की प्रेशर हलतं, आणि अंदाज पुन्हा चुकतो.

आयडलला तीन गोष्टी हातात असतात: हवा, पेट्रोल आणि स्पार्कची वेळ. बहुतेक जण लॅपटॉप उघडून थेट पेट्रोलचं टेबल खेळवत बसतात. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. हवा स्थिर नसेल तर पेट्रोल कधीच जुळत नाही.

३. मग सुरुवात कुठून करायची?

गाडीपासून, लॅपटॉप बंद ठेवून. टॅपेट सेट करा. प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण त्यावर ट्यूनिंगचा उपाय नाही. मॅनिफोल्ड एअर घेत नाही ना हे तपासा (प्रश्न ४). एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गास्केट फुंकत नाही ना, तेही बघा. ते फुंकत असेल तर वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) खोटं बोलतो (प्रश्न १४).

मग फ्युएल प्रेशर. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्यूमची नळी असेल तर इंजिन बंद, पंप चालू असताना ३ बार, आणि आयडलला साधारण २.३ ते २.४ बार दिसायला हवं. आयडललाही ३ च दिसत असेल तर नळी निघालीय किंवा फाटलीय. तेव्हा इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ३.६५ बार होतो आणि पेट्रोल सुमारे १० टक्के जास्त पडतं.

शेवटी टायमिंग लाइट. ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर फिक्स करा आणि क्रँक पुलीच्या खुणेवर खरोखर १० दिसतंय का ते पाहा. नसेल तर ईसीयूमधला ट्रिगर अँगल (क्रँक सेन्सरच्या जागेचा आकडा) बदला. वेस्टेड स्पार्क (दोन सिलिंडरना एकदम स्पार्क) असेल तर डायल फिरवायची टायमिंग लाइट वापरू नका. दर फेऱ्याला स्पार्क पडतो म्हणून ती चुकीचा आकडा दाखवते. साधी लाइट घ्या.

एवढं झालं की इंजिन ८० अंशांच्या वर तापवा. ईसीयूमध्ये वाइडबँडचं करेक्शन बंद, आयडल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना बाजूने हवा देणारा) एका जागी फिक्स, आयडलचं टायमिंग करेक्शन बंद. आता टेबलाला हात लावा.

४. इंजिन एअर घेतंय हे कसं ओळखायचं?

थ्रॉटल पूर्ण बंद, आयडल व्हॉल्व्ह बंद, तरी इंजिन १२०० च्या खाली येत नाही, म्हणजे हवा भलतीकडून येतेय. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये ओढणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टरचे ओ-रिंग, मॅनिफोल्डचं गास्केट, थ्रॉटल बॉडीचा स्पेसर असा एकेक भाग चिमट्याने दाबून किंवा बंद करून बघा. कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डवर इंजेक्टरचे बंग (इंजेक्टर बसवायच्या कड्या) वेल्ड केलेले असतील तर पहिला संशय त्या वेल्डवर घ्या. तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात.

खात्रीचा उपाय म्हणजे धूर. इनटेकच्या तोंडाशी पिशवी बांधून हलक्या प्रेशरने धूर सोडला की फट लगेच दिसते. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारायची पद्धत चालते, पण तो पेटणारा आहे आणि एक्झॉस्ट शेजारीच असतो. हाताशी फायर एक्स्टिंग्विशर ठेवूनच ते करा.

मॅप सेन्सरची नळी प्लेनममधून (मॅनिफोल्डच्या सामाईक पोकळीतून) घ्या, एकाच सिलिंडरच्या रनरमधून (त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपमधून) नको. एका रनरमधलं प्रेशर सतत हिंदकळतं आणि ईसीयूला आयडल कधीच शांत दिसत नाही.

५. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू किती उघडा ठेवायचा?

गरम इंजिन, आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद, एसी-पंखा-दिवे बंद. या स्थितीत इंजिन हव्या त्या आयडलपेक्षा ५० ते १०० आरपीएम खाली चालायला हवं. ९०० हवा असेल तर ८०० ते ८५०. उरलेली हवा व्हॉल्व्हने द्यायची, म्हणजे त्याला खाली-वर दोन्हीकडे जागा राहते. स्क्रू फिरवल्यावर टीपीएसचं (थ्रॉटल किती उघडा ते सांगणाऱ्या सेन्सरचं) शून्य पुन्हा कॅलिब्रेट करा. हे विसरलं की ईसीयूला थ्रॉटल उघडाच वाटतो आणि आयडलची कुठलीच सोय चालू होत नाही.

व्हॉल्व्हच नसेल तर स्क्रूवरच ९५० ठेवा आणि बाकीचं टायमिंगवर सोडा (प्रश्न ८).

६. इंजेक्टर मोठे घेतले, आता आयडल कुठल्याही आकड्यावर बसत नाही. का?

कारण आयडलला मोठा इंजेक्टर बहुतेक वेळ उघडण्यातच घालवतो. करंट सुरू झाल्यापासून सुई उचलली जाईपर्यंतचा वेळ म्हणजे डेड टाइम. १३–१४ व्होल्टला तो साधारण १ मिलिसेकंद असतो. इंजेक्टरप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून त्याच मॉडेलचा तक्ता मिळवा.

आता जिप्सीचं गणित. प्रत्येक सिलिंडरला पूर्ण भरलेल्या हवेसाठी सुमारे २६ मिलिग्रॅम पेट्रोल लागतं. १९० सीसीच्या इंजेक्टरला ते द्यायला ११.३ मिलिसेकंद लागतात, ४४० सीसीच्या इंजेक्टरला ४.९. आयडलला मॅप ३५ किलोपास्कल आणि व्हीई (सिलिंडर हवेने किती भरतो ते) ४५ टक्के धरलं तर १९० सीसीला १.८ मिलिसेकंद पेट्रोल अधिक १ डेड टाइम. ४४० सीसीला ०.७७ अधिक १. म्हणजे मोठ्या इंजेक्टरमध्ये पल्सचा अर्ध्याहून जास्त भाग फुकट जातो. डेड टाइम ०.१ ने चुकला तर छोट्यात पेट्रोल साडेपाच टक्के चुकतं, मोठ्यात १३ टक्के. शिवाय इतक्या लहान पल्सला प्रत्येक इंजेक्टर थोडा वेगळा वागतो. टेबल बरोबर असूनही एक सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त), दुसरा लीन (पेट्रोल कमी) राहतो.

बॅच फायरिंगमध्ये (इंजेक्टर गटाने एकदम उघडतात तेव्हा) एका चक्रात दोनदा पेट्रोल मारत असाल तर ०.७७ चेही दोन तुकडे होतात आणि डेड टाइम दोनदा लागतो. मोठे इंजेक्टर असतील तर एका चक्रात एकदाच मारा. टर्बो नसलेल्या या इंजिनाला १९० ते २४० सीसी भरपूर झाले. ४४० सीसी स्वस्तात मिळाले एवढ्यावर घेऊ नका.

डेड टाइम तपासायची सोपी खूण: आयडलला हेडलाइट आणि पंखा एकदम चालू करा. व्होल्टेज १४ वरून १२.८ ला आलं आणि आरपीएम सावरल्यावरही एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बदललेलाच राहिला, तर व्होल्टेज करेक्शन चुकलंय. लीन झालं तर करेक्शन वाढवा, रिच झालं तर कमी करा. सुरुवातीला दर व्होल्टला ०.१ मिलिसेकंद धरा.

७. आयडलला एएफआर किती ठेवू? ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळे काही फरक?

मूळ कॅमला लॅम्डा (१.०० म्हणजे पूर्ण जळण्याएवढीच हवा, त्याखाली रिच, वर लीन) ०.९५ ते १.००, म्हणजे पेट्रोलच्या स्केलवर १४.० ते १४.७. मोठ्या कॅमला लॅम्डा ०.८८ ते ०.९२. आकड्यापेक्षा मॅप बघणं बरं. हवा आणि टायमिंग फिक्स ठेवून व्हीई दोन-दोन टक्क्यांनी वाढवा, मग कमी करा. ज्या आकड्याला मॅप सर्वांत खाली जातो आणि आरपीएम सर्वांत वर, तिथे इंजिन खूश आहे.

ई२० ला पूर्ण जळण्यासाठी हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ नाही, सुमारे १३.५ लागतं. पण वाइडबँड मुळात लॅम्डा मोजतो आणि नंतर १४.७ ने गुणून दाखवतो. म्हणून ई२० वरही मीटरवर १४.७ दिसलं की प्रमाण बरोबरच आहे. १३.५ दिसेपर्यंत पेट्रोल ओतू नका, ते रिच होईल. लॅम्डावरच काम केलं तर हा गोंधळ होत नाही.

बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर केलेलं जुनं टेबल ई२० वर सुमारे ७ टक्के लीन जातं. पूर्वी शांत चालणारी गाडी अचानक आयडलला मिसिंग (मधेच एखादा स्फोट चुकणं) करू लागली आणि करेक्शन बंद असेल तर आधी हाच संशय घ्या.

८. टायमिंग किती, आणि त्याचा आयडलशी काय संबंध?

१० ते १६ अंश. हवा यायला वेळ लागतो, पेट्रोलला त्याहून जास्त, पण स्पार्क पुढच्याच चक्रात बदलतो. त्यामुळे आरपीएम सावरायचं सर्वांत जलद साधन टायमिंगच आहे.

आयडलच्या भागात टेबल सपाट १२ अंश ठेवा, मग आयडल टायमिंग करेक्शन चालू करा: आरपीएम टार्गेटपेक्षा १०० ने खाली गेले तर अधिक ३ अंश, २०० ने खाली गेले तर अधिक ५, १०० ने वर गेले तर उणे ३. आयडललाच २५ अंश देऊन ठेवलेली गाडी सावरायला जागाच शिल्लक ठेवत नाही. आणि टेबलात आयडलच्या शेजारच्याच खान्यात ३० अंश असेल तर आरपीएम जरा चढले की इंजिन स्वतःच स्वतःला रेस करतं.

९. आरपीएम वाँव-वाँव करत वर-खाली होतात. काय बघू?

आधी घड्याळ लावा. झोके दोन-तीन सेकंदांचे असतील तर आयडल व्हॉल्व्ह किंवा वाइडबँडचं करेक्शन झुलतंय. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन्ही बंद करा. झोके थांबले तर टेबल ठीक आहे, कंट्रोलचे आकडे जास्त आहेत (प्रश्न १०). वाइडबँड एक्झॉस्टमध्ये लांब असेल तर आयडलला गॅस तिथे पोचायला वेळ लागतो. ईसीयू जुन्या बातमीवर पेट्रोल बदलत राहतो. आयडलला हे करेक्शन बंद किंवा फार मंद ठेवलेलं बरं.

झोके भराभर, सेकंदाला एखादा असतील तर ते टेबलातून येतात. आरपीएम पडले की मॅप वाढतो आणि ईसीयू टेबलाच्या दुसऱ्या खान्यात जातो. तो खाना लीन असेल तर इंजिन आणखी पडतं, मग सावरून उसळतं. आयडलच्या भोवतीचे खाने, समजा ६०० ते १२०० आरपीएम आणि ३० ते ५० किलोपास्कल, जवळजवळ सारखे करा. उलट ६०० आणि ७०० चे खाने दोन-तीन टक्के रिच ठेवा, म्हणजे पडणाऱ्या इंजिनाला हात मिळतो. ऑटोट्यूनला (वाइडबँड बघून टेबल आपोआप भरणाऱ्या सोयीला) हा भाग भरू देऊ नका. तो प्रत्येक खाना वेगळा करून ठेवतो.

तिसरा प्रकार फार ठळक आहे: १८०० पर्यंत चढतं, धपकन १२०० ला येतं, पुन्हा चढतं. ही थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल तोडण्याची सोय आहे. हवा जास्त आहे म्हणून इंजिन चढतं, थ्रॉटल बंद दिसतो म्हणून ईसीयू पेट्रोल तोडतो. दोष हवेचा आहे, प्रश्न ४ आणि ५ कडे जा.

१०. आयडल व्हॉल्व्हचं क्लोज्ड लूप कसं लावायचं?

क्लोज्ड लूप म्हणजे ईसीयू आरपीएम बघून व्हॉल्व्ह स्वतः हलवतो, ओपन लूप म्हणजे ठरलेल्या आकड्यावर ठेवतो. आधी ओपन लूपवर, तापमानाप्रमाणे व्हॉल्व्हची टक्केवारी भरून गाडी दोन-चार दिवस चालवा. ती बऱ्यापैकी चालली तरच क्लोज्ड लूप. दोन वायरींच्या बॉश व्हॉल्व्हला १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. ड्रायव्हरवर फ्लायबॅक डायोड हवा, तो नसेल तर ड्रायव्हर तापतो. मग ईसीयूमधले पी, आय, डी हे कंट्रोलचे तीन आकडे. डी शून्य ठेवा. पी हळूहळू वाढवा, झोके सुरू झाले की अर्ध्यावर आणा, मग थोडासा आय. थ्रॉटल १ टक्क्याखाली आणि आरपीएम टार्गेटच्या जवळ आल्यावरच हे चालू होऊ द्या.

११. एसी लावला की गाडी बंद पडते.

एसीच्या बटनाची वायर ईसीयूला द्या आणि कॉम्प्रेसरचा क्लच ईसीयूकडून चालवा. बटन दाबल्यावर आधी व्हॉल्व्ह उघडू दे, टार्गेट १०० ते १५० ने वाढू दे, आणि साधारण अर्ध्या सेकंदाने क्लच लागू दे. थेट रिलेवर क्लच असेल तर ईसीयूला धक्का बसल्यावरच कळतं. रेडिएटरच्या पंख्यालाही हेच लागू.

१२. सकाळी छान चालू होते. दुपारी दहा मिनिटं थांबून चालू केली की मिसिंग. असं का?

बॉनेटखालच्या उष्णतेने. गाडी उन्हात बंद असताना हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूसोबत तापतो. तो ७० अंश सांगतो, पण इंजिनात येणारी हवा ४० अंशांची असते. ईसीयू हवा विरळ समजून ९ टक्के पेट्रोल कापतो. दोन-तीन मिनिटं चालल्यावर सेन्सर थंड होतो आणि गाडी आपोआप बरी होते, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

सेन्सर ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमधून काढून एअर फिल्टरजवळच्या रबरी पाइपमध्ये बसवा. ते शक्य नसेल तर ५० अंशांच्या वरचं करेक्शन सपाट करा. थंड इंजिनाचं वॉर्म-अप टेबल मात्र गरम आयडल पूर्ण बसल्यावरच भरा. ८० अंशांना ते बरोबर १०० टक्के असलं पाहिजे. तिथे १०५ राहिलं तर मुख्य टेबलात उणे पाच लपलेले असतात.

१३. सिग्नलला क्लच दाबला की आरपीएम ५०० ला जाऊन गाडी बंद होते. घाटात तर हमखास.

थ्रॉटल सोडल्यावर तोडलेलं पेट्रोल (प्रश्न ९) पुन्हा सुरू व्हायचा आरपीएम फार खाली असेल. १५०० ते १८०० ठेवा. त्याशिवाय थ्रॉटल उघडा असताना व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा ठेवून, थ्रॉटल सोडल्यावर एक-दोन सेकंदांत हळूहळू बंद होऊ द्या. जुन्या कार्बोरेटरवरचा डॅशपॉट हेच करायचा.

घाटाचं कारण वेगळं असतं. समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर १०१ किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. आयडलला बंद थ्रॉटलच्या फटीतून जाणारी हवा बाहेरच्या प्रेशरच्या प्रमाणात असते. म्हणजे मुंबईत बसवलेला आयडल महाबळेश्वरला १५ टक्के कमी हवेवर चालतो. व्हॉल्व्हला वर जायला जागा हवी ती यासाठी. शिवाय बरेच ईसीयू बाहेरचं प्रेशर फक्त चावी फिरवताना वाचतात. वाईहून पसरणी घाट न थांबता चढलात तर ईसीयूच्या हिशोबी तुम्ही अजून वाईतच आहात. पाचगणीला एकदा चावी बंद-चालू करा, किंवा बाहेरचं प्रेशर सतत मोजणारा वेगळा बॅरो सेन्सर लावा.

१४. वाइडबँड १६ दाखवतो, पण प्लग काळे आहेत. खरं कोण?

प्लग. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखादा स्पार्क चुकला की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर लीन सांगतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, मिसिंग वाढतं, मीटर आणखी लीन होतो. मोठ्या कॅममध्ये ओव्हरलॅपमुळे (दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे राहिल्याने) ताजी हवा थेट एक्झॉस्टला जाते, तिथेही हेच. एक्झॉस्ट गळत असेल तर पल्सच्या मधल्या वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते. चाचणी: पेट्रोल पाच टक्के कमी करा. इंजिन सुधारलं तर मीटर खोटा होता. अशा वेळी प्रश्न ७ मधली मॅपची पद्धत वापरा.

१५. चार सिलिंडरना चार थ्रॉटल आहेत, किंवा बुलेटसारखं एकच सिलिंडर आहे. वरचं सगळं चालेल?

चार थ्रॉटलमध्ये मॅप जरा थ्रॉटल उघडताच ९० पर्यंत पोचतो, म्हणून टेबल थ्रॉटलच्या टक्केवारीवर बनवा आणि आधी चारही थ्रॉटल व्हॅक्यूम गेजने सारखे करा. एकाही थ्रॉटलमध्ये फरक असेल तर ते सिलिंडर आयडलला ओढत राहतं. एका सिलिंडरमध्ये मॅप प्रत्येक चक्रात खूप खाली-वर जातो. ईसीयूमध्ये सॅम्पलिंग 'चक्रातलं किमान' वर ठेवा आणि मॅपची नळी आखूड ठेवा.

१६. पीयूसीला सीओ जास्त येतो.

बीएस २ (भारत स्टेज प्रदूषण नियम) च्या आधीच्या चारचाकीला आयडलला सीओ ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस २ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५०, बीएस ४ ला ०.३ आणि २००. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसताना लॅम्डा ०.९० ला सीओ ३ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून मोठ्या कॅमची रिच गाडी काठावरच असते. लॅम्डा १.०० च्या जवळ आणा, टायमिंग दोन अंश कमी करा आणि इंजिन पूर्ण गरम करून न्या. सीओ कमी पण एचसी जास्त असेल तर पेट्रोल नाही, मिसिंग आहे.

१७. मीटरवर सगळं स्थिर आहे, तरी सीट हलते.

आयडलला एकेक इंजेक्टरचा वायरिंगचा प्लग काढून बघा, व्हॉल्व्ह फिक्स ठेवून. प्रत्येक वेळी आरपीएम सारखेच पडायला हवेत. ज्याला काढून फारसा फरक पडत नाही ते सिलिंडर काम करत नाही. त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरशी बदला. दोष इंजेक्टरसोबत सरकला तर इंजेक्टर साफ करून घ्या, जागीच राहिला तर स्पार्क प्लग, केबल, टॅपेट या क्रमाने जा. चारही सारखे पडत असतील तर इंजिनाचे माउंटिंग दाबून बघा. रबर फुटलेलं असेल तर ट्यूनिंगने ते जुळणार नाही, नवीन जोडी टाका.